पाण्यातील जड धातू आणि माशाचे कल्ले

शेततळ्यातील मासे एकाएकी मरून पाण्यावर तरंगू लागले म्हणजे कोणी तरी विष कालविले असावे, असा संशय प्रथम घेतला जातो. क्वचित तो खराही ठरतो. परंतु पुष्कळदा पहाटेच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू संपुष्टात आलेला असतो, किंवा शेजारच्या पिकावर फवारलेले कीटकनाशक ओघळून तळ्यात उतरलेले असते. या दोन कारणांच्या जोडीला तिसरे एक कारण आहे व त्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. ते म्हणजे तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे जड धातू. हे धातू केवळ कारखान्यांच्या सांडपाण्यातून येतात अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. मोरचुदाची पुडी, जस्ती पत्र्याची टाकी आणि फवारणीचा पंप धुतलेले पाणी यांतूनही ते येतात. आणि ज्याचे मासे मरतात त्याच्याच हातून ते तळ्यात पडलेले असतात, असेही घडते.

महाराष्ट्रात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यानंतर शेततळ्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि त्यांत कटला, रोहू व मृगळ यांचे बीज सोडण्याकडे शेतकऱ्यांचा कल झाला. हे स्वागतार्हच आहे. मात्र यांपैकी अनेक तळी द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांना लागून आहेत. केवड्यासारख्या बुरशीजन्य रोगांवर व तेल्यावर जी औषधे या बागांत वापरली जातात, त्यांत तांबेयुक्त औषधांना मोठे स्थान आहे. वेलीवर जे तांबे बुरशी मारते, ते तळ्यात उतरल्यावर माशाला ओळखत नाही.

कल्ले हेच माशाचे वर्म

कल्ला हा माशाचा केवळ श्वास घेण्याचा अवयव नव्हे. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक क्षार असतात. त्यामुळे बाहेरचे पाणी सतत अंगात शिरत राहते व अंगातील क्षार सतत बाहेर झिरपत राहतात. शिरलेले पाणी मासा मूत्रावाटे टाकतो. गमावलेले क्षार मात्र त्याला कल्ल्यांतील विशिष्ट पेशींच्या द्वारे पाण्यातूनच पुन्हा वेचून घ्यावे लागतात. हे काम रात्रंदिवस चालते. कल्ल्यावरील पडदा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो, आणि पाण्यात विरघळलेला धातू प्रथम येऊन भिडतो तो याच पडद्याला.

धातू कल्ल्याला भिडल्यावर काय होते याचा शोध ग्रेट ब्रिटनमधील वेल्स प्रांतात लागला. तेथील ऱ्हायडॉल व इस्टविथ या नद्यांच्या खोऱ्यांत शिशाच्या जुन्या खाणी होत्या. खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडांचे ढीग काठांवर पडून होते आणि पाऊस पडला की त्यांतील शिसे व जस्त धुपून नदीत उतरत असे. कॅथलीन कार्पेंटर या संशोधिकेने १९२० नंतरच्या दशकात या नद्यांचा अभ्यास केला. शिशाच्या द्रावणात मासा ठेवला असता त्याच्या कल्ल्यांतून चिकट श्लेष्मा स्रवतो, धातूशी संयोग पावून त्याचा पापुद्रा कल्ल्यांवर बसतो व मासा भर पाण्यात गुदमरतो, असे त्यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखविले. पाण्यात प्राणवायू मुबलक असूनही तो माशाला मिळत नाही.

पुढील संशोधनाने या माहितीत मोठी भर घातली. धातूचे प्रमाण बरेच असेल तेव्हा मासा गुदमरतो हे खरे. प्रमाण कमी असेल तेव्हा घात निराळ्या मार्गाने होतो. तांबे हे कल्ल्यातील सोडियम वेचणाऱ्या पेशींचे काम बंद पाडते; जस्त, कॅडमियम आणि शिसे हे कॅल्शियमची वाट अडवितात. क्षार बाहेर झिरपणे चालूच राहते आणि आत येणे थांबते. तांब्याच्या बाबतीत अखेर रक्त घट्ट होऊन हृदयाचे कार्य बंद पडते. अशा माशाच्या अंगावर जखम नसते, पोट फुगलेले नसते, व पाहणाऱ्यास मरणाचे कारण उमगत नाही.

पाण्याचा जडपणा: माशाचे कवच

वेल्समधीलच जे. आर. इ. जोन्स यांनी १९३८ साली आणखी एक गोष्ट सिद्ध केली. पाण्यात कॅल्शियम असेल तर तेवढ्याच शिशाने वा जस्ताने होणारी हानी पुष्कळ कमी होते. कारण कल्ल्यावर ज्या जागी धातू चिकटावयाचा, ती जागा कॅल्शियमने आधीच व्यापलेली असते. शिवाय चुनखडीयुक्त पाण्यात तांब्याचा बराच भाग न विरघळणाऱ्या रूपात जातो.

आपल्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. पठारावरील काळ्या खडकातील विहिरींचे पाणी सामान्यतः जड असते. त्यात साबणाचा फेस सहजासहजी होत नाही. कोकणातील जांभ्या दगडाच्या भागातील पाणी मऊ आणि किंचित आम्ल असते. प्लास्टिकचे अस्तर घातलेले आणि केवळ पावसाच्या पाण्याने भरलेले शेततळे घाटावर असले तरी त्यातील पाणी मऊच असते. आणि मातीचा तळ धातूचा काही भाग स्वतःकडे ओढून घेतो, तो आधारही तेथे नसतो. यास्तव शेजारच्या गावी विहिरीच्या पाण्यावरील तळ्यात जे प्रमाण चालले तेच आपल्या अस्तराच्या तळ्यात चालेल, असे मानणे धोक्याचे आहे.

माणसाला चालणारे पाणी माशाला चालेलच असेही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) जस्ताची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. मऊ पाण्यात ट्राउट माशाची पिल्ले याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या जस्तानेही मरू शकतात. कटला, रोहू व मृगळ हे ट्राउटहून काटक असले तरी त्यांची अंडी आणि जिरे त्या मानाने नाजूकच असतात. तांब्याच्या भांड्यातील पाणी आपल्याकडे हितकर मानले जाते. त्याच भांड्यात मत्स्यबीज ठेवू नये.

मोरचुदाचा हिशेब

तळ्यात शेवाळ माजले की मोरचूद टाकण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. मोरचुदाने शेवाळ मरते हे खरेच. परंतु किती मोरचूद, याचे उत्तर ‘एक मूठ’ किंवा ‘पाणी निळे होईतो’ असे मिळते, तेव्हा माशांची आशा सोडावी हे बरे.

मोरचुदाचे प्रमाण पाण्याच्या अल्कतेवरून ठरवितात. अल्कता म्हणजे पाण्यातील कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचे प्रमाण. ते प्रयोगशाळेत सहज मोजून मिळते. अल्कतेच्या आकड्यास १०० ने भागावे, म्हणजे दर लिटर पाण्यास किती मिलिग्रॅम मोरचूद चालेल ते निघते. अल्कता १०० असेल तर लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजेच दहा लाख लिटर पाण्यास एक किलो. अल्कता ५० पेक्षा कमी असेल तर मासे असलेल्या तळ्यात मोरचूद वापरूच नये.

एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण करताना एक किलो मोरचूद शंभर लिटर पाण्यात पडतो. तळ्यात तोच एक किलो दहा लाख लिटरांस पुरतो. एकाच पुडक्याचे हे दोन उपयोग किती भिन्न प्रमाणांचे आहेत हे ध्यानात घेतले, म्हणजे हाताच्या अंदाजाने मोरचूद टाकणे किती धोक्याचे आहे याची कल्पना येईल.

दुसरी चूक पाण्याचे माप काढताना होते. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशा तळ्यात या तिन्हींचा सरळ गुणाकार करून २७०० घनमीटर पाणी धरले जाते. पण तळ्याच्या कडा उतरत्या असतात. उभ्या एका मीटरला आडवे दीड मीटर असा उतार असल्यास तळाची लांबी-रुंदी २१ मीटरच भरते, आणि काठोकाठ भरलेल्या तळ्यातही पाणी सुमारे १९७० घनमीटरच असते. म्हणजे मोरचूद एक तृतीयांशाहून अधिक जास्त पडतो. उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर आले असताना पावसाळ्यातील हिशेब धरला, तर काय होईल हे सांगावयास नको.

प्रमाण बरोबर असले तरी सर्व तळ्यातील शेवाळ एकदम मारू नये. मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, आणि तांब्यातून वाचलेले मासे दुसऱ्या-तिसऱ्या पहाटे गुदमरून मरतात. तळ्याचा तिसरा-चौथा हिस्साच एका वेळी हाताळावा व ढगाळ दिवस टाळावा. खरे पाहता, ज्यास पाण्याची अल्कता ठाऊक नाही त्याने शेवाळ जाळीने ओढून काढणेच श्रेयस्कर. त्यास श्रम पडतात, पण मासे राहतात.

फवारणीच्या पंपाविषयीही येथेच सांगितले पाहिजे. एक टक्क्याच्या बोर्डो मिश्रणाचे दहा लिटर उरले तर त्यात शंभर ग्रॅम मोरचूद असतो. बोटुकली ठेवलेल्या वीस हजार लिटरच्या टाकीत तो गेला, तर लिटरला ५ मिलिग्रॅम होतो. अल्कता १०० असलेल्या पाण्यास सोसेल त्याच्या पाचपट. चुन्यामुळे बोर्डोतील बहुतेक तांबे विरघळलेल्या रूपात नसते हे खरे, पण मऊ व आम्ल पाण्यात ते हळूहळू विरघळू लागते. पंप तळ्याच्या काठी, ओढ्यात किंवा बंधाऱ्यावर धुऊ नये. धुतलेले पाणी बागेतच, वेलीच्या ओळींमध्ये टाकावे.

जस्ती टाकीतील बीज

मत्स्यबीज आता प्राणवायू भरलेल्या पॉलिथिनच्या पिशव्यांतून येते. परंतु घरी आणल्यावर तळ्याची तयारी नसेल तर ते रात्रभर जस्ती पत्र्याच्या टाकीत किंवा बादलीत ओतून ठेवले जाते. नव्या जस्ती भांड्यातून पाण्यात जस्त उतरते. पाणी जितके मऊ व आम्ल आणि जितका वेळ ते साठलेले, तितके अधिक. सकाळी बीज मेलेले आढळले की दोष बीज विकणाऱ्यास दिला जातो. प्लास्टिकचे पिंप, सिमेंटची चांगली मुरलेली टाकी किंवा मातीचे रांजण यांत बीज ठेवल्यास हे नुकसान सहज टळते.

मासा न मरताही होणारी हानी

आतापर्यंत सांगितले ते एकाएकी येणाऱ्या मरणाविषयी. धातूचे प्रमाण त्याहून कमी पण दीर्घकाळ राहिले, तर मासा मरत नाही. तो वाढत नाही. खाल्लेल्या अन्नातील शक्ती कल्ल्यांची डागडुजी करण्यात आणि धातूचा निचरा करण्यात खर्च होते. यकृत व मूत्रपिंड यांत धातूला बांधून ठेवणारे एक खास प्रथिन तयार होते. जोवर ते पुरेसे आहे तोवर मासा तग धरतो. शेतकरी खाद्य वाढवितो, शेणखताची मात्रा वाढवितो, आणि वर्षाअखेर वजन भरत नाही म्हणून मत्स्यपालनच परवडत नाही असा निष्कर्ष काढतो.

शिशाच्या दीर्घकालीन परिणामाने ट्राउट माशाची शेपूट काळी पडते व कणा वाकडा होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि कॅल्शियमचा तोल बिघडविते. तांब्याच्या अगदी अल्प प्रमाणानेही माशाची घ्राणशक्ती मंदावते; सॅमन माशाच्या पिल्लांवरील प्रयोगांत अशी पिल्ले जवळ आलेल्या शत्रूचा सुगावा न लागल्याने सहज बळी पडली. अंड्यांतून पिल्ले बाहेर येण्याचे प्रमाण घटते. ज्या ओढ्यात पूर्वी पावसाळ्याच्या आरंभी मासे चढत व अंडी घालीत, तेथे काही वर्षांनी केवळ मोठे मासे दिसू लागतात आणि लहान दिसत नाहीत. नदीकाठच्या जुन्या भोई मंडळींना विचारले तर हा फरक ते अचूक सांगू शकतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडून ही माहिती अवश्य टिपून घ्यावी.

पाऱ्याची गोष्ट निराळी आहे

पारा हा माशापेक्षा मासा खाणाऱ्यास अधिक छळतो. तळाच्या गाळातील जीवाणू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. तो सूक्ष्म जीवांत शिरतो, त्यांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. म्हणून इतर मासे खाऊन जगणाऱ्या मरळ, वांब अशा माशांत तो अधिक आढळतो. कटला, रोहू यांत तुलनेने कमी. शिसे व कॅडमियम यांचा मोठा भाग यकृत, मूत्रपिंड, कल्ले व हाडे यांत राहतो, यामुळे मासा साफ करताना काही अंशी तो निघून जातो; लहान मासे अख्खे खाल्ले जातात तेथे मात्र हा लाभ नाही. मिथिल पारा तर मांसातच असतो. तो धुऊन जात नाही, शिजवून जात नाही, चवीवरून ओळखूही येत नाही.

जपानमधील आगानो या गोड्या पाण्याच्या नदीकाठी १९६५ साली हे दारुण रीतीने प्रत्ययास आले. नदीतील मासे नित्य खाणाऱ्या कुटुंबांत हातापायांना मुंग्या येणे, दृष्टी आकुंचित होणे, तोल जाणे असे विकार दिसू लागले. वरच्या अंगास कानोसे येथे असलेल्या शोवा डेंको कंपनीच्या कारखान्यातून पारा नदीत जात होता. १९६४ च्या भूकंपात निईगाता बंदरातील गोदामांतून शेतीची औषधे वाहून गेली व त्यांमुळे हे घडले, असा पवित्रा कंपनीने घेतला. १९७१ साली न्यायालयाने निकाल रुग्णांच्या बाजूने दिला.

शेतीच्या औषधांवर ढकललेला तो दोष त्या ठिकाणी खोटा ठरला. परंतु शेतीतील पारा ही कल्पित गोष्ट नव्हती. स्वीडनने बियाण्यास लावावयाच्या अल्किल पाऱ्याच्या औषधांवर १९६६ मध्येच बंदी घातली. आपल्याकडे उसाचे बेणे पारायुक्त द्रावणात बुडवून लावण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. त्यासाठी वापरले जाणारे मेथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराइड हे औषध भारत सरकारने २०१८ साली बंद केले. एखाद्या घराच्या माळ्यावर त्याचा जुना डबा अद्याप पडून असेल, तर तो ओढ्यात वा पडक्या विहिरीत टाकू नये. डबा न उघडता कुलपात ठेवून कृषी खात्याच्या तालुका कार्यालयास कळवावे.

संशय आल्यास काय करावे

प्राणवायूच्या अभावी होणारे मरण पहाटे येते. मोठे मासे आधी मरतात, उरलेले पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेतात, आणि ताजे पाणी सोडले वा ऊन वर आले की सावरतात. धातूमुळे होणारे मरण दिवसाच्या कोणत्याही वेळी येते; लहान मासे आधी जातात, हवा खेळवून विशेष फरक पडत नाही, कल्ल्यांवर चिकट पांढुरका थर दिसतो. तांब्याचा प्रादुर्भाव असल्यास तळ्यातील गोगलगाईही मेलेल्या आढळतात. नुकतीच फवारणी झाली होती काय, मोरचूद टाकला होता काय, की पावसाळ्याचा पहिला लोंढा आत आला, हे प्रथम विचारावे. उन्हाळाभर ओढ्याच्या पात्रात साचलेले कारखान्याचे सांडपाणी, जुन्या बॅटऱ्या फोडल्याच्या जागेवरील माती, हे सारे पहिल्या लोंढ्याबरोबर येते. ओढ्याच्या पाण्यावर तळे भरणाऱ्यांनी पहिले एक-दोन पूर बाहेर काढून द्यावेत.

मासे मरू लागताच आत येणारे पाणी बंद करावे व शक्य तर विहिरीचे जड पाणी सोडावे. चुना टाकल्याने विरघळलेला धातू तळाशी बसतो, पण तो नाहीसा होत नाही. आणि कळीचा चुना एकदम टाकला तर त्यानेच मासे मरतात. मेलेले मासे विकू नयेत, खाऊ नयेत, कुत्र्या-मांजरांपुढेही टाकू नयेत. कारखान्याचे पाणी येणाऱ्या तलावातील गाळ शेतात नेण्यापूर्वीही तपासून घ्यावा. एकदा शेतात पसरलेला धातू परत काढता येत नाही.

ओढ्यात किंवा नदीत विषारी द्रव्य सोडण्यास १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २४ व्या कलमान्वये मनाई आहे. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात करावी व मत्स्यव्यवसाय खात्यासही कळवावे. मात्र तक्रारीबरोबर नमुना नसेल तर तिचा निकाल लागणे कठीण जाते, आणि वाहत्या पाण्यातील पुरावा काही तासांतच निघून जातो. यास्तव अधिकारी येईपर्यंत थांबू नये. एक लिटरच्या नव्या प्लास्टिकच्या बाटल्या त्याच पाण्याने दोनदा खळबळून, एक तळ्याच्या मध्यातून, एक पाणी आत येते तेथून आणि एक संशयित जागेच्या वरच्या अंगाकडून भरावी. तांब्या, कळशी किंवा जस्ती बादली यांनी पाणी काढू नये; भांड्यातील धातू नमुन्यात उतरतो व सारी तपासणी फुकट जाते. बाटल्यांवर जागा, तारीख आणि वेळ लिहून दोन पंचांच्या सह्या घ्याव्यात व त्या सावलीत, बर्फ मिळाल्यास बर्फात ठेवाव्यात. मासा निराळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून पाठवावा, आणि तो तरंगणाऱ्यांतला न घेता अजून कल्ले हलवीत असलेला घ्यावा. सडलेल्या कल्ल्यावरून प्रयोगशाळेस काहीही सांगता येत नाही.